रजईतला आवाज

प्रिय ताई,

अक्षर ओळखूनही तू पाकीट फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय तेही माझ्या कामाचंच रडगाणं. हसू नकोस. दुसरं काही मला धड बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुझ्या लेकीचा मागच्या महिन्यात फोन आला होता. तुला सांगितलं नसेल तिनं. रागावू नकोस तिला. आजीचा आवाज आठवत नाही म्हणाली, तुझ्याकडे टेपा आहेत ना मामा, त्यातली एक मला नीट करून दे. मी इकडे दूर आल्यापासून आई पत्राऐवजी दर महिन्याला टेप पाठवायची, त्यातल्या शेवटच्या सहा माझ्याकडे आहेत. ती गेल्यापासून मी त्यांना हात लावला नव्हता. लोकांच्या जुन्या टेपा दुरुस्त करून पोट भरतो, आणि घरच्या मात्र बुटांच्या खोक्यात पडलेल्या.

पहिली टेप ठणठणीत निघाली, दुसरीही. तिसरीपासून आवाज पोकळ यायला लागला, आई विहिरीत वाकून बोलतेय असा. पाचवी तर ऐकवेना. आमच्याकडे पोकळ आवाज म्हटला की आधी यंत्रावर संशय घ्यायचा. मी यंत्रातलं टेप वाचणारं हेड पुसलं, त्याचा कोन जुळवला, टेप दुसऱ्या यंत्रावर लावून पाहिली. फरक शून्य. मग कॉम्प्युटरवर घुमणारा भाग छाटायला घेतला, तर घुमणं कमी व्हायचं पण त्याबरोबर आईचा श्वासही तुटायचा. तीन दिवस हाच घोळ. चौथ्या दिवशी चिडून केलेलं सगळं काढून टाकलं आणि पहिल्या पाचही टेपांची नुसती सुरुवात एकापाठोपाठ एक ऐकली. आई बटण दाबायची ते 'खट्', आणि मग घसा खाकरायची. पहिल्या टेपवर ते खट् जागच्या जागी विरतं. तिसरीवर जरा रेंगाळतं. पाचवीवर चारही भिंतींना लागून परत येतं.

टेपचा दोष नव्हता, ताई. खोली रिकामी होत होती. कपड्यांनी भरलेलं कपाट, पडदे, गालिचा, पुस्तकं हे सगळं आवाज पिऊन टाकतं. ते नेलं की भिंती बोलायला लागतात. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मी हे शिकवतो. तिसऱ्या टेपच्या आधी बहुतेक पडदे गेले, चौथीच्या आधी कपाट आणि गालिचा. पाचवीपर्यंत काही उरलेलं नाही. आणि त्याच पाचव्या टेपमध्ये आई सांगते की घर तू सोडून गेलास तस्संच आहे, तुझी पुस्तकं जागेवर आहेत, घाई करू नकोस, सावकाश ये.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. हा पोकळपणा मी तेव्हाही ऐकला होता. पाचवी टेप आली त्याच दिवशी तिला कार्ड टाकलं. आवाज घुमतोय, माईक तोंडाजवळ धर, जमलं तर डोक्यावरून पांघरूण घेऊन बोल. कशी आहेस, जेवतेस का, एका शब्दानं विचारलं नाही. पुढची टेप स्वच्छ आली आणि मी खूश. तिच्यात आई सुरुवातीलाच विचारते, "आता येतोय ना रे नीट?" मधेमधे तिला धाप लागते. ती पांघरुणामुळे लागते असं मी धरून चाललो.

मग ती गेली. मी चौथ्या दिवशी पोहोचलो, दार ढकललं, तर आत फक्त टेपरेकॉर्डर आणि जमिनीवर अंथरलेली रजई. तू सांगितलंस की आजार कळल्यावर आईनंच एकेक वस्तू वाटून टाकली, माझ्यामागे पोरांना आवराआवर नको म्हणाली, आणि मला काही कळवायचं नाही अशी तुला शपथ घातली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चार दिवसांत घर धुऊन नेलंस आणि आता गेलेल्या आईच्या नावावर खपवतेस." तू खाली वाकून रजई गोळा करायला लागलीस, तर मी त्यावरही बोललो, तेवढीच राहिली होती, तीही ने.

तू खरं बोलत होतीस. त्याचा पुरावा अकरा वर्षं माझ्याच खोक्यात होता, आणि तो ओळखण्याचंच काम मी रोज करतो. लहानपणी हाका मारून दमलीस की मला काय म्हणायचीस, ते उगीच नव्हतं. लेकीसाठी सहावी टेप पाठवतोय, त्या टेपला काहीच करावं लागलं नाही. पाचवी तुझ्यासाठी आहे, पोकळ आहे तशीच. ती मी दुरुस्त करणार नाही. मी चुकलो, हे सांगायला पत्र लिहिलंय. तू माफ करशील असं धरून चाललेलो नाही. फक्त ती रजई अजून असेल तर टाकू नकोस. आई माझ्याशी शेवटचं बोलली ते तिच्या आत बसून. एकदा येऊन ती हातात घेऊ का?

तुझाच,
बहिऱ्या