तक्रारवहीतलं कौतुक

मुलुंड, मंगळवार

ती. बाबा,

तुम्हा दोघांना वाकून नमस्कार. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. आम्ही सगळे बरे आहोत, काळजी करू नका. फक्त माझं डोकं फिरलंय. आईचा गुडघा कसा आहे? तिला गोळ्या चुकवू देऊ नका.

आमच्या बिल्डिंगचा जिना रंजनाबाई झाडायच्या. सासूबाई ओल्या लादीवर घसरून पडल्या तेव्हापासून रंजनाबाई आमच्या मजल्याची लादी रोज कोरडी करून जायच्या, कोणी न सांगता. तुम्ही खांबावरच्या वायरमनला खालून ओरडून सांगता ना, "आली रे लाईट, झकास काम केलंस", तसं मलाही काहीतरी करावंसं वाटलं. पण सोसायटीत वही एकच, तक्रारीची. त्यातच मी चार ओळी कौतुक लिहिलं.

सेक्रेटरींनी वाचलंच नाही. रंजनाबाईंचं नाव दिसलं, त्यांच्याविरुद्धची महिन्यातली तिसरी तक्रार म्हणून मोजली आणि तीन तक्रारींच्या नियमानं सफाईच्या ठेकेदाराला बाई बदलायला सांगितलं. भांडायला गेले तर मलाच म्हणतात, "मॅडम, तक्रार नव्हती तर तक्रारवहीत लिहिलंत कशाला?" आता यांच्यापुढे कुठे डोकं आपटू? रविवारच्या मीटिंगमध्ये मी सोडणार नाही.

काल रंजनाबाई आपली चप्पल आणि डबा न्यायला आल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, परत कोणाचं काम आवडलं ना, तर तोंडानं सांगा."

चार वर्षं रोज जिन्यात भेटायच्या, बाबा. मी एकदाही सांगितलं नव्हतं.

तुमची,
श्रुतिका