वरच्या कुरणावरून उत्तर नाही

झीपार पोरी,

बाळासोबत तुझाही नुकताच डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. आपला लष्करी रेडिओ सुरू झालाय. काल एर्मेक वरच्या कुरणावरून "बाबा, इथे बर्फ पडायला लागलंय, मी मेंढ्या घेऊन..." एवढंच बोलला आणि आपल्याच सेटमधून जळका वास आला. वीजपुरवठ्याच्या पेटीतला कपॅसिटर फुटला होता. मोडक्या सेटमधला काढून जोडला. आता घरघर थांबली आहे, आतले काचेचे व्हॉल्व्हही नीट पेटतात. पण कितीही हाका मारल्या तरी तुझा नवरा उत्तर देत नाही. त्याची बॅटरी उतरली असेल. तरी मी घोडा घेऊन वर निघालोय.

सेट चालूच ठेव. मागच्या पत्र्याला मात्र हात लावू नकोस, आत जीव घेईल एवढी वीज आहे. पाव आणि साय झाकून ठेवलीय, खाऊन घे. सासूने विचारलं तर सांग, म्हातारा घोड्याला नाल ठोकायला गेलाय.

एर्मेकचा आवाज आला आणि तो सुखरूप असला, तर लाल रजई छपरावर पसर. खिंडीपर्यंत आपलं छप्पर दिसतं. रजई दिसली की मी माघारी फिरेन. तोवर मागे बघत बघत चढत राहीन.

बाबा