पान अकरा आणि पान चार

ठमे,

रेडिओ बिघडलेला नाही. दुकानात टाकायला वेळ मिळत नाही म्हणून चार दिवस कुरकुरतेयस, आता टाकूही नकोस. आज खणात त्याची माहितीपुस्तिका सापडली. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीत मी, बारीक टाइपाला भीत नाही. पहिल्या पानापासून वाचली. पान अकरावर लिहिलंय की घरात लहान मूल असेल तर मागचं बटण खाली ओढा, म्हणजे रेडिओ सुरू होणार नाही. बटण खालीच ओढलेलं होतं. घरात लहान मूल कोण, ते मी विचारत नाही.

जिन्यावर पडलो तो अठ्ठ्याहत्तर वर्षांत एकदा. तेवढ्यावरून माणसाला घरात डांबून ठेवतात होय?

रेडिओ घेऊन बागेत चाललोय. माझा दोस्त घड्याळवाला मॅचसाठी बाकावर ताटकळत असेल, त्याला कॉमेंट्रीशिवाय करमत नाही. गोळ्या घेतल्यात, काठी घेतलीय, गॅस बंद केलाय. शोधायला येऊ नकोस. आलीसच तर चहाचा थर्मास आण.

दार कसं उघडलं, म्हणशील. तुझ्या त्या नव्या नंबरवाल्या कुलपाची पुस्तिकाही त्याच खणात होती. कंपनीने घातलेला नंबर पान चारवर छापलाय, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, कुलूप बसवल्याबरोबर हा बदला. तू तेवढं वाचलं असतंस, तर मी अजून घरातच असतो.

बाबा