चेहरे कुणी काढले

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी मी तुमच्यावर रुसलेलीच आहे. या वयात बापावर रुसून बसणं बरं दिसत नाही, पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता, तेव्हा नवल वाटून घेऊ नका. भांडण जुनंच आहे, धुळ्याच्या एसटी स्टँडच्या भिंतीचं. तुम्ही शाळेतून चित्रकलेचे मास्तर म्हणून रिटायर झालात, कलामंडळाचे अध्यक्ष झालात, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने शहर सुशोभनासाठी ती भिंत मंडळाला दिली. पानाच्या पिचकाऱ्यांनी ती अर्धी लाल झालेली होती. आपण आठ-दहा जणांनी ती खरवडली, धुतली, चुन्याने पांढरी केली आणि तुम्ही तिच्यावर आठवड्याचा बाजार आखलात. भाजीवाल्या, बैलगाड्या, केळीचे घड, मागे लळिंगचा किल्ला. मी लहानपणापासून तुमच्या हाताखाली चुना भिजवत आले होते, गेरू आणि पिवडी घोटत आले होते, जळगावला राहून चित्रकलेचा कोर्सही केला होता. तुमची पद्धत मला पाठ होती. चेहरे अगदी शेवटी करायचे आणि सगळे एकाच हाताने करायचे, म्हणजे माणसं एका मुलखातली दिसतात. तो हात माझा असणार यात मला काडीची शंका नव्हती.

आणि मग ती आली. दोंडाईचाहून पहिल्या एसटीने यायची, डबा घेऊन. माझ्याच वयाची. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि तीही त्यांच्याबरोबर शिडीवर चढून तेलरंगात तयार झालेली. कोर्स नाही, काही नाही. पहिल्याच दिवशी भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून अहिराणीत म्हणाली, "आबा, बठ्ठा बाजार शे, पन भांडन कोठे शे?" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, आणि तिथल्या तिथे दोन बायका वांग्यांवरून भांडताना आखल्यात. गावात लहानमोठे सगळेच तुम्हाला आबा म्हणायचे, पण तिच्या तोंडून ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आठवड्याने तुम्ही चेहरे तिला देऊन टाकलेत. मला नुसतं म्हणालात, "ती तेलरंगवाली आहे, तिला चुन्याच्या रंगाचं समजावून सांग. ओला असताना गडद दिसतो, सुकला की पार फिका पडतो. कौलाच्या तुकड्यावर ठिपका देऊन उन्हात सुकवायचा, मगच भिंतीला हात लावायचा." मी मान डोलावली आणि तिला काहीही सांगितलं नाही. विसरले नाही, आबा. ती रंग कालवत होती, मी शेजारी उभी होते, कौलाचा तुकडा माझ्या पायाशी पडला होता, आणि मी तिला चहा घेणार का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पोचतो तर अख्खा बाजार तोंडाला राख फासून उभा. मंडळाचे लोक हसताहेत, कंडक्टर हसताहेत. तुम्ही माझ्याकडे वळता. "सांगितलं होतंस ना तिला?" मी म्हणते, "हो." एवढंच. मग तुम्ही सगळ्यांसमोर तिला झापता. "एवढ्या लांबून येतेस ती काय कान घरी ठेवून? कौलावर सुकवून बघायला हात झिजतात का तुझे? हात चांगला आहे म्हणून माज आलाय!" ती एकदाच माझ्याकडे बघते. आता ही सगळं सांगणार म्हणून मी भांडायच्या तयारीत असते. ती म्हणते, "मन्हं चुकनं, आबा," आणि कौलाचा तुकडा शोधायला लागते. तिने ते चेहरे पुसले नाहीत. त्या फिक्या रंगावरच दुसरा, गडद हात दिला, आणि संध्याकाळपर्यंत उन्हातून चालत आलेल्या माणसांची धुळीने भरलेली तोंडं भिंतीवर दिसायला लागली. म्हणजे माझ्या दुष्टपणाचाही फायदा तिलाच झाला. तुम्ही कितीतरी वेळ बघत राहिलात, मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसलात. माझ्या कुठल्याच चित्रापुढे तुम्ही चष्मा पुसल्याचं मला आठवत नाही.

आणि खरं सांगू का, त्या कौतुकापेक्षा मला त्या बोलण्यांचा जास्त हेवा वाटला. मला तुम्ही तसं कधी झापलं नाहीत. माझं काम बघून "ठीक आहे" म्हणायचात आणि दुसऱ्या कामाला लागायचात. शाळेत तुम्ही ज्या पोरांवर ओरडायचात, त्यांचीच चित्रं पुढे स्पर्धेला पाठवायचात. हे मी पहिल्या बाकावर बसून पाच वर्षं बघितलं होतं. म्हणून तिला पडलेल्या शिव्या मी घरी जाऊन मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितल्या, जणू त्या मलाच दिल्या होत्या.

भिंतीवर पत्र्याची शेड आहे, त्यामुळे ती अजून टिकून आहे. आता मंडळाने ती जपायचं ठरवलंय आणि खाली चित्रकाराच्या नावाची पाटी लावायचीय. नवे अध्यक्ष पंधरा दिवसांपूर्वी घरी आले. "अक्का, या भिंतीचा जीव त्या चेहऱ्यांत आहे. कुणी काढले ते?" त्या वेळच्या लोकांपैकी गावात आता मीच उरले आहे. ती दोंडाईचात लग्न करून राहिली, मुलांना चित्रं शिकवते, दर दिवाळीला मला पत्र पाठवते. तुमची आठवण काढते, पण त्या सकाळबद्दल एक अक्षर लिहीत नाही. मी अध्यक्षांना म्हणाले, "आबांनी काढले. सगळे त्यांच्याच हातचे." त्यांचे डोळे भरून आले. मुलगी असावी तर अशी, म्हणाले, आणि पाटी रंगवायचं काम मलाच देऊन गेले. तुमचा मान वाढावा म्हणून मी ते बोलले नाही, आबा. तिचं नाव तिथे येऊ नये म्हणून बोलले.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार, आणि तिला पाठवायची माझी हिंमत नाही. आठ दिवस पाटी कोरी ठेवून बघितली. काल रंगवली. तुमचं नाव फार सुरेख आलंय. रेघ कुठेही थरथरली नाही.