चौथा स्क्रू

प्रिय ठकू,

तू वाढदिवसाला पाठवलेला रोबोटचा संच मिळाला, हे फोनवर सांगितलंच होतं. पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. फोनवर तू मधे मधे 'हं, हं' करतेस, मग मी गडबडतो आणि मुद्द्याचं सोडून हवापाण्यावर येतो. म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

जन्मभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढले, त्यामुळे आधी सांगाडा, बाकीचं मागून, ही सवय अंगात मुरलेली. मला पलंगाखाली जाऊन पडलेली वस्तू चिमट्यात धरून बाहेर आणणारा रोबोट हवा होता. माझे गुडघे आता वाकताना कुरकुरतात. चिमट्याचा हात पुढे जड होतो, म्हणून खाली रुंद तळ पाहिजे. तसा तळ तुझ्या संचात नव्हता. दुकानात दुसऱ्या कंपनीचा एक चकचकीत दिसला, तो उचलून आणला. पहिला स्क्रू बसला, दुसरा बसला, तिसरा दमदाटी करून बसवला, आणि चौथ्याने साफ नकार दिला. तुझ्या संचातली भोकं साडेबारा मिलिमीटरच्या अंतरावर, तळाची अर्ध्या इंचाच्या. फरक म्हणशील तर केसाएवढा, पण तो दर भोकाला साठत जातो. मोटरचीही तीच तऱ्हा. तिचा दांडा एका बाजूने चपटा, चाकाचं भोक गोल. मोटर फिरायची आणि चाक ढिम्म. मग मी कानस घेतली आणि भोकं मोठी केली. सगळं बसलं, पण चालायला लागलं की हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं.

वाचनालयाच्या तळघरात शनिवारी सकाळी रोबोट बनवणारी हौशी मंडळी जमतात. तिथे हे प्रकरण पिशवीत घालून घेऊन गेलो. मंडळ चालवणारे गृहस्थ पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचे. माझी कानसलेली भोकं पाहून म्हणाले, "काका, दोन घरची भांडी आणि एकच झाकण, कसं जमायचं? सांगाड्याला एक घराणं धरा. मिसळायचंच असेल तर मधे जोडपट्टी घाला. एका टोकाला यांची भोकं, दुसऱ्या टोकाला त्यांची. ओढाताण पट्टीने सोसायची, स्क्रूने नाही." मग त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन बसवलं. तिथल्या बाईंकडे माझ्या तळाच्याच कंपनीचा पुरा संच होता, आणि हात तेवढा नव्हता.

बाईंनी मान वर केली. आम्ही एकमेकांना लगेच ओळखलं. शेवटचे भेटलो होतो ते वकिलाच्या खोलीत, टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना. हो, त्याच. दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टर. तुझ्या तेव्हाच्या सासूबाई. इथे पत्र खाली ठेवावंसं वाटलं तर ठेव, पण नंतर पुन्हा उचल.

मला उठून जाता आलं असतं. त्यांनाही. त्या म्हणाल्या, "या टेबलावर मुलांचा विषय नको." मी म्हटलं, "बरं." आणि त्यांनी चिमट्याने माझा वाकडा झालेला स्क्रू बाहेर काढला. मग जोडपट्टी आखली. माझ्या हातातून कानस काढून घेतली ती आजतागायत परत दिलेली नाही. हुकूम सोडतात, हे तुला मी काय सांगणार. पण सगळंच त्यांचं बरोबर असतं असंही नाही. हातासाठी त्यांनी पातळ प्लास्टिकची पट्टी निवडली. मी सांगत होतो, पट्टी लवते, कडा दुमडलेली पन्हळीसारखी ॲल्युमिनियमची घ्या. ऐकतील तर शपथ. पहिल्याच खेपेला चिमट्याने चप्पल उचलली आणि हाताने लोटांगण घातलं. बाईंनी चहा मागवला. चहा संपल्यावर म्हणाल्या, "आणा तुमची ती पन्हळ."

असे बरेच शनिवार गेले. मी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतो, त्या मला 'अहो एक्स-रे' म्हणतात. मंडळातल्या लोकांना वाटतं आमची ओळख तिथलीच. ठरलेला नियम त्यांनी एकदाच मोडला. मी खाली वाकून चाक पाहत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला, "तुमची मुलगी बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे. कामात असते." त्या "छान" म्हणाल्या. मी वर पाहिलं तेव्हा त्या चष्मा पुसत होत्या, आणि तो बराच वेळ पुसत राहिल्या. तुझ्या-त्याच्यातलं मी त्यांना कधी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. एवढ्यावरून कुणी कुणाच्या बाजूला गेलं असं समजू नकोस.

गेल्या महिन्यात रोबोटने पलंगाखालून माझी काठी ओढून आणली. टाळ्या वाजवायला आम्ही दोघंच होतो, तेवढ्या पुरल्या.

आता लिहायचं कारण. त्यांचं भाड्याचं घर रिकामं करायचंय. मुलगा दुसऱ्या शहरात आहे, तो त्यांना घेऊन जातो म्हणतो. त्यांना जायचं नाही. इथे त्यांचे अजून दोन-चार पेशंट आहेत, शनिवार आहे. मी म्हटलं, माझ्याकडची पुढची खोली रिकामी आहे. ती खोली तुझी आहे, हे म्हटल्यानंतर लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "आधी तिला विचारा. तिला न विचारता मी त्या घरात राहायला येणार नाही." मुलाच्या कानावर त्यांनी घातलंय. तो म्हणाला, तिला चालणार असेल तर माझं काही म्हणणं नाही. तेव्हा सगळं तुझ्यावर आलंय. लग्नबिग्न काही नाही; दोन माणसं, दोन खोल्या. मला त्यांची सवय झाली आहे, आणि या वयात नवी सवय लागली याचंच मला नवल वाटतं. तू नाही म्हणालीस तर त्या जातील, मी शनिवारी एकटा जाईन, आणि तुझ्या-माझ्यात काही उणं येणार नाही. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहू नकोस, नुसतं 'नाही' लिही. तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हाही मी कारण विचारलं नव्हतं.

तुझाच,
बाबा