रनर एक पुरे

६ नोव्हेंबर १९२२
वरून सर्क्युलर आलं. पोस्टखात्यात माणसं कमी करायची आहेत. प्रत्येक ऑफिसने किती स्टाफ लागतो ते पंधरा दिवसांत कळवावं. तीन वर्षं या सुप्याच्या रानात पोस्टमास्तर म्हणून कुजतोय. माझं मत पहिल्यांदाच कुणी विचारलं.

स्टाफ म्हणजे मी आणि दोन रनर, लखू आणि कान्हू. इथून सुपा दहा मैल. लखू टपालाची थैली पाच मैल नेतो, मधल्या झोपडीत कान्हूच्या खांद्यावर देतो. थैली वाहायला दोघं, लिहायला मी एकटा. हा उलटा कारभार आता सुलटा करणार.

९ नोव्हेंबर
स्टेटमेंट पूर्ण. चार पानं, इंग्रजीत, एकही खाडाखोड नाही. सारांश: रनर एक पुरे, क्लार्क एक हवा. निरोगी माणसाला दहा मैल म्हणजे सकाळचा फेरफटका. साहेब वाचून विचारतील, हा माणूस अजून बेळगावात कसा नाही? बायकोला, सावित्रीला, खानापुरास पत्र टाकलं, बेळगावात जागेची चौकशी सुरू कर.

दोन्ही कागद लखूच घेऊन गेला.

२ डिसेंबर
मंजुरी आली. कान्हू कमी. क्लार्कबद्दल अवाक्षर नाही. त्याची ऑर्डर स्वतंत्र निघत असणार, अशा गोष्टी एका पत्रात घालत नाहीत.

कान्हूला बोलावून सांगितलं. अकरा वर्षांची नोकरी. त्याने भाला आणि पट्टा टेबलावर ठेवला.
"मास्तर, माजं नाव कुणी लिवलं?"
वरून आलंय, म्हणालो. यात खोटं काही नाही. पत्र वरूनच आलंय.

९ डिसेंबर
लखू रोज अंधार पडताना पोचतो. आज त्याला विचारलं, दहा मैलांना इतका वेळ कसा? तो हळूच म्हणाला, "मास्तर, परत बी यावं लागतंय न्हवं."
म्हणजे रोजचे वीस. स्टेटमेंटमध्ये हे राहून गेलं. पण फॉर्ममध्ये परतीच्या मैलांना कॉलमच नव्हता. चूक फॉर्मची.

३१ डिसेंबर
नव्या वर्षाचे संकल्प. पहाटे पाचला उठणे. जोर काढणे. तारेची लिपी शिकून घेणे. कान्हूला परत घ्यावं असं वर लिहिणे, पण क्लार्क हजर झाल्यावर. दोन मागण्या एकदम केल्या तर माणूस हावरा दिसतो.

१ जानेवारी १९२३
साडेआठला उठलो. थंडी फार.

१२ जानेवारी, सकाळ
परवापासून थैली आली नाही. आजही पत्ता नाही. लखू कुठेतरी पिऊन पडला असणार. खुलासा मागितला जाण्याआधीच देऊन टाकला. सदर रनर कामचुकार असून, त्यास वारंवार ताकीद देण्यात आली आहे. ताकीद दिली नव्हती, पण द्यायचं बरेचदा मनात आलं होतं. सुप्याला निघालेल्या लाकडाच्या गाडीबरोबर पाकीट रवाना. हलकं वाटलं.

१२ जानेवारी, दुपार
कान्हू आला. खांद्यावर थैली. लखू परवा वाटेतल्या नाल्याजवळ तापाने पडला. काल संध्याकाळी कान्हूला दिसला. दव लागू नये म्हणून थैली घोंगडीत गुंडाळलेली आणि लखू उघडा, शुद्ध नाही. गुंदपर्यंत, लखूच्या घरी, कान्हूने त्याला पाठीवर नेलं आणि आज थैली इथे आणली.

कान्हूने थैलीभोवतीची घोंगडी तेवढी सोडवून घेतली. लखूच्या अंगावर घालायची होती.

गाडी एव्हाना बरीच पुढे गेली असेल. बैल चालतात सावकाश. पण माझी पायाची टाच दुखते आहे.

१४ जानेवारी
टपाल तूर्त लाकडाच्या गाड्यांवर चाललंय. दुरुस्तीचं पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आजारी होता असं लिहिलं तर साहेब विचारणार, मग रनर एक पुरे कसा? लखूला बरं वाटू दे, मग सविस्तर लिहीन. घाईत लिहिलेलं पत्र नेहमी चुकतं.

२० जानेवारी
पत्र राहिलं. शाई दाट झाली आहे.

५ फेब्रुवारी
ऑर्डर आली. माझ्याच स्टेटमेंटवरून या ऑफिसात काम फारसं नाही असं दिसतं, सबब पोस्टमास्तरची जागा रद्द. टपालाचं काम शाळेचे पुंडलिकमास्तर शाळा सांभाळून करतील. मी कारवारकडे क्लार्क. मागितलेला क्लार्क अखेर मंजूर झाला, तो मीच.

सावित्रीला बदली झाली एवढंच कळवलं. बढतीचं तिने विचारलं तर बघू.

१२ फेब्रुवारी
चार्ज दिला. पेटी बांधत होतो तेवढ्यात लखूची बायको रुक्मा गुंदहून चालत आली. हातात सरकारी पाकीट, लखूच्या नावचं. तो आता भिंत धरून उभा राहतो, म्हणाली. कामावर कधी बोलावतात म्हणून परवापासून विचारतोय.

फोडलं. इंग्रजी पत्र. लखूला कामावरून काढलंय. कारण म्हणून माझं वाक्य जसंच्या तसं, स्वल्पविरामासकट.

"काय लिवलंय?"
"विश्रांती घे म्हणून लिहिलंय."

तिचा चेहरा उजळला. सायबांनी एवढी आठवण ठेवली हे ऐकून त्याला बरं वाटेल, म्हणाली. मीही मान डोलावली. कागदाची घडी घालून तिने पदरात बांधली आणि उठली. दारात थांबली.
"घरला जाईस्तोवर मी इसरन. साळंच्या मास्तराकडनं बी एकदा वाचून घेतलं की बरं."

नको म्हणायला कारण सुचेना. शाळा समोरच. पुंडलिकमास्तरांना इंग्रजी चांगलं येतं. रुक्मा शाळेच्या पायरीवर बसली. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला.

मी खिडकी लावून घेतली.