पासावरचं अक्षर

८ जानेवारी १९७९, सोमवार

…ह्यांच्या शेवटच्या त्या सकाळीही सडा टाकला, दोन गुंड पाणी भरलं, भाकरी थापल्या, वांग्याची भाजी डब्यात घातली. आतून ह्यांची रोजची हाक आली, "पास कुठी ठेवला वं?" मळक्या सदऱ्यातून पास काढला, धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात घातला. सिंदी ते वर्धा, बारा वर्षं. पास कुठे असतो हे घरात फक्त मला माहीत असायचं. त्यावर काय लिहिलेलं असतं ते कधी पाहिलं नाही. संध्याकाळी वर्ध्याच्या दवाखान्यातून ह्यांना आणलं. सदरा आणायचा राहिला. पास त्यातच होता.

आठवायचं कारण, आज माझ्या स्वतःच्या नावाचा पास काढला. वर्ध्याला मुलींच्या शाळेत शिपाई म्हणून लागले त्याला आठ दिवस झाले. रोज तिकीट काढण्यापेक्षा महिन्याचा पास पुष्कळ स्वस्त पडतो. आता भिण्यासारखं काही उरलं नाही. ही वही तेच लिहून ठेवायला सुरू केली.

१० जानेवारी, बुधवार

वर्ध्याच्या प्लॅटफॉर्मवर टीसी चंद्रभानजींनी एका माणसाला पकडलं. बायकोच्या पासावर आला होता. चंद्रभानजी म्हणाले, "नावापुढं पाहा ना भाऊ, बाईचं अक्षर आहे. साडी का घरी विसरले तुम्ही?" लोक हसले. त्याला ऑफिसात नेलं.

मी नळामागे उभी राहिले. तहान लागली होती.

शाळेत दुपारी पास नीट पाहिला. आर. पी. ढगे. वय ४१. पुढे एकच अक्षर, एफ. मराठी मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. इंग्रजी अक्षरं गेल्या वर्षी अंकलिपीतून शिकले, कोणाला न विचारता. एम म्हणजे म. महिलेचं म. तेच हवं होतं. एफ म्हणजे फ. फ कशाचं?

११ जानेवारी, गुरुवार

उलगडा झाला. खिडकीवरच्या बाबूच्या तोंडात कायम पान. त्याच्या तोंडून 'पुरुष' निघतच नाही, 'फुरुष' निघतं. बोलतो तसंच लिहिलं. म्हणजे रेल्वेच्या कागदावर मी पुरुष आहे.

उद्या त्याला स्पष्ट सांगणार.

१२ जानेवारी, शुक्रवार

बाबू फार कामात होता. कामातल्या माणसाला त्रास देणं बरं नाही.

१३ जानेवारी, शनिवार

मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, मार्चमध्ये तुम्हाला कायम करायचं आहे, तोवर तुमच्याबद्दल कुठूनही तक्रारीचा कागद येता कामा नये. त्या बोलल्या सहज. मला मात्र तो कागद दिसला. वर रेल्वेचा शिक्का, खाली माझं नाव.

नोकरी गेली तर देवळीला दिराकडे जावं लागेल. तिथे माझं ताट वाढताना जाऊबाई आधी भांड्यात किती उरलं ते बघते. भीती म्हणून नाही लिहीत. आहे ते लिहिलं.

शनिवारी बाबूशी बोलायचं नाही असं ठरवलं. वार बरा नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

लेडीज डब्यात रोज लीलाबाई असते. वर्ध्याच्या दवाखान्यात नर्स आहे. संक्रांतीचा राहिलेला तिळगूळ तिनं सगळ्यांना दिला, मलाही दिला. तो काढताना बटव्यातून तिचा पास खाली पडला. उचलून देताना पाहिलं. एफ!

तिचंही चुकवलं बाबूनं. आणि तिला पत्ताच नाही. चंद्रभानजी आले की "या, या, सासरेबुवा" म्हणून थट्टा करते, पास त्यांच्या नाकापुढे नाचवते. ते बघतही नाहीत. एक दिवस बघतील. मी तिला सांगितलं नाही. घाबरली असती बिचारी.

१८ जानेवारी, गुरुवार

वाटेतल्या तुळजापूर स्टेशनवर टीसीचा काळा कोट चढताना दिसला. मी सेलू रोडला उतरले, हवा खायला. तेवढ्यात गाडी सुटली. शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी चालू होती. प्रमिलाबाईंना सांगितलं, गाडी उशिरा आली. खोटं नाही. दुसरी उशिराच आली.

२० जानेवारी, शनिवार

रात्री झोप लागत नाही. हिवाळा आहे.

२१ जानेवारी, रविवार

बाबूला त्रास न देता काम झालं. ह्यांच्या पेनात शाई भरली आणि एफचा एम केला. दिसतं तितकं सोपं नाही. एक पाय जास्त झाला, शेजारी थेंब सांडला. लांबून एमच वाटतो. जवळून मुंगळा बसल्यासारखा वाटतो, पण टीसी काही डोळा लावून बघत नाहीत.

छातीवरचं ओझं उतरलं. लीलाबाईची दोन दिवस रात्रपाळी आहे, बुधवारी तिचाही करून देईन. पेन सोबत नेईन.

२८ जानेवारी, रविवार

आठवडाभर लिहिलं नाही.

बुधवारी मी पहिल्यांदा खिडकीपाशी बसले. चंद्रभानजी चढले. कोणी मागायच्या आत मी पास पुढे केला. लीलाबाई म्हणाली, "आज का वं रुख्माबाई, लई जोरात?"

चंद्रभानजींनी पास उजेडात धरला. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पासाकडे. म्हणाले, "मालकाचा पास घेऊन फिरून राह्यल्या काय बाई? मालक कुठी आहेत?"

मी म्हटलं, नाहीत.

"नाहीत म्हंजे? ड्यूटीवर?"

लीलाबाईच म्हणाली, "वारले ते, चंद्रभानजी. दोन वर्सं झाली."

चंद्रभानजींनी आवाज खाली आणला. "बाई, मेलेल्या माणसाच्या पासावर येता? कामाले कुठी आहात तुम्ही?"

शाळेचं नाव सांगितलं. मग म्हटलं, पास माझाच आहे. आर म्हणजे रुख्माबाई.

"मंग इथं पुरुष काऊन लिहिलं?"

म्हटलं, ते महिलेचं म आहे. बाबूनं फुरुषाचं फ लिहिलं होतं, मी दुरुस्त केलं. लीलाबाईचंही चुकलं आहे, तिचंही आज करून देणार होते.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग लीलाबाईनं आपला पास काढून पाहिला आणि हसत सुटली. बाकावर आडवी झाली. "अवं माय, ते इंग्रजी आहे! इंग्रजीत बाईले फीमेल म्हणतेत! तू मले मिशा लावाले निघाली होती!" सगळा डबा हसला. चंद्रभानजीही हसले. मीही हसले बहुतेक. डोळे पुसले एवढं आठवतं.

हसणं संपल्यावर ते म्हणाले, "पण खाडाखोडीचा पास चालत नाही बाई. उद्या खिडकीवर जाजा, बाबूचा शिक्का घेजा. नाई घेतला तर मले शाळेले कागद पाठवा लागन."

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनवर गेले. रांगेत पुढे तिघं होते. माझा नंबर आल्यावर पास आत सरकवला आणि बाबूला सांगितलं, मी बाई आहे, तसं लिहून शिक्का मारून द्या.